दुकानासाठी एलईडी स्क्रीन घेताय? आधी मोजपट्टी काढा, मग कोटेशन मागवा



एलईडी स्क्रीनवरच्या व्हिडिओत आकडेमोड जरा घाईत झाली. म्हणून तीच गोष्ट इथे निवांत लिहितोय. वही-पेन आणि मोजपट्टी जवळ घेऊन बसा, कारण हा लेख नुसता वाचून उपयोग नाही.

सुरुवात आमच्या बॅचमधल्या एका मिठाईवाल्या काकांपासून करतो. साताऱ्याकडचे, तीस वर्षांचं दुकान. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी दारावर आठ बाय चार फुटांची रंगीत स्क्रीन लावली. लाखाच्या वर पैसे गेले. स्क्रीनवाला म्हणाला होता, "काका, फुल एचडी आहे, लोक रस्त्यात थांबून बघतील." लोक थांबले खरे, पण 'श्रीखंड' वाचता येईना म्हणून. पेढ्याचा फोटो म्हणजे नुसते पिवळे ठिपके. पुढच्या जूनमध्ये दोन मोठे पाऊस झाले आणि अर्धी स्क्रीन काळी पडली. स्क्रीनवाल्याचा फोन बंद. काकांनी मला फोन केला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "काका, बिल कुठंय?" ते म्हणाले, "सर, बिल नाही हो. व्हॉट्सॲपवर आकडा पाठवला होता, तेवढाच आहे."

काका काही भोळे नाहीत. खव्याला नुसतं बोट लावून भेसळ ओळखतात. पण स्क्रीनमध्ये काय बघायचं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आज तेच बघू.

आधी एक गोंधळ दूर करू

घरातला 'एलईडी टीव्ही' आणि दुकानावरची 'एलईडी स्क्रीन' या दोन वेगळ्या वस्तू आहेत. टीव्हीत चित्र एलसीडी पॅनेलवर तयार होतं, एलईडी फक्त मागून उजेड देतात. दुकानावरच्या स्क्रीनमध्ये प्रत्येक ठिपका हाच एक एलईडी असतो आणि असे हजारो ठिपके मिळून चित्र होतं.

तुमचं काम दुकानाच्या आतलं असेल, म्हणजे हॉटेलचा मेनू, क्लिनिकमधला टोकन नंबर, सलूनमधले दर, तर तुम्हाला एलईडी स्क्रीनची बहुतेक गरजच नाही. ४३ किंवा ५५ इंची कमर्शियल डिस्प्ले घ्या. जवळून स्वच्छ दिसतो, बसवायला सोपा, बिघडला तर कंपनीचा माणूस येतो. घरगुती टीव्ही मात्र दुकानात लावू नका. तो दिवसाला बारा-चौदा तास चालायला बनवलेला नसतो, आणि बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीत व्यावसायिक वापर बसत नाही. कमर्शियल डिस्प्लेच्या माहितीपत्रकात १६/७ किंवा २४/७ असं लिहिलेलं असतं. तो रोज इतके तास चालवायचा हिशोब आहे, तेवढं बघून घ्या.

आतलं काम असणाऱ्यांनी इथे थांबलं तरी चालेल. बाहेर, उन्हापावसात, रस्त्यावरच्या माणसाला दिसायला हवं असेल तर पुढे वाचा.

पी म्हणजे काय, आणि तुम्हाला कितीचा हवा

स्क्रीनवाला पी १०, पी ५, पी ४ असं काहीतरी बोलतो. पी म्हणजे पिच, दोन ठिपक्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. पी १० म्हणजे दर दहा मिलिमीटरला एक ठिपका. आकडा जेवढा लहान, तेवढं चित्र बारीक आणि किंमत जास्त.

ढोबळ नियम असा की जितके मिलिमीटर पिच, साधारण तितके मीटर लांबून चित्र नीट दिसायला लागतं. पी १० साठी दहा मीटर, म्हणजे ३३ फूट. पी ५ साठी पाच मीटर, साधारण सोळा फूट. आता दुकानाबाहेर जा आणि गिऱ्हाईक जिथून पहिल्यांदा तुमचं दुकान बघतं तिथे उभे राहा. तिथून दारापर्यंत मोजा. काकांच्या दुकानासमोरचा रस्ता अरुंद, समोरच्या फुटपाथपासून दार जेमतेम २५ फूट, म्हणजे साडेसात मीटर. तिथे पी १० चालणारच नव्हता. हायवेवरच्या ढाब्याला मात्र तोच पी १० चालतो, कारण गाडीवाला लांबूनच बघतो. त्याने पी ४ घेतला तर जास्तीचे पैसे वायाच गेले म्हणा.

आता 'फुल एचडी'चा हिशोब करू. बाहेरच्या स्क्रीनचे मॉड्यूल, म्हणजे ज्या चौकटींनी स्क्रीन जोडतात त्या, बहुतेक वेळा ३२० बाय १६० मिलिमीटरच्या असतात. आठ बाय चार फुटांसाठी आडवे आठ आणि उभे आठ, एकूण ६४ मॉड्यूल लागतात. पी १० च्या एका मॉड्यूलवर ३२ बाय १६ ठिपके बसतात. म्हणजे काकांच्या पूर्ण स्क्रीनवर होते २५६ बाय १२८ ठिपके. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०. पी ५ मध्ये खरं फुल एचडी करायचं तर स्क्रीन ९.६ मीटर रुंद आणि ५.४ मीटर उंच लागेल. दोन मजली इमारतीची पूर्ण दर्शनी बाजू! तेव्हा कोणी आठ बाय चारमध्ये फुल एचडी म्हणाला की त्याला फक्त एक विचारा, "ठिपके किती बाय किती?" उत्तर कोटेशनवर लिहून घ्या. त्यानंतर तो शब्द पुन्हा ऐकू येत नाही.

जाता जाता, याच मॉड्यूलमुळे मापातही फरक पडतो. आठ बाय चार म्हणजे ३२ चौरस फूट, पण ६४ मॉड्यूलची स्क्रीन भरते ३५ चौरस फुटांच्या थोडी वर. दर चौरस फुटावर ठरला असेल तर बिल ३५ चं येणार. यात फसवणूक नाही, पण आधी माहीत असलेलं बरं.

मराठी अक्षरं: इथे सगळ्यात जास्त लोक फसतात

स्क्रीनवाल्याकडचा डेमो बहुतेक इंग्रजी असतो. वेलकम, सेल, ऑफर. इंग्रजी कॅपिटल अक्षराला वर मात्रा नाही, खाली उकार नाही. सात-आठ ठिपक्यांच्या उंचीत ते आरामात बसतं. आपल्या अक्षराचं तसं नाही. वर वेलांटी-मात्रा, मग शिरोरेषा, मग अक्षर, खाली ऱ्हस्व-दीर्घ उकाराचा पसारा. पी १० चा एक मॉड्यूल १६ ठिपके उंच. त्यातले चार-पाच वर गेले, तीन-चार खाली गेले, मधे शिरोरेषेसकट अक्षराच्या अंगाला सात ते नऊ उरतात. त्यात 'श्री' कसा बसवणार? सरकत्या एका ओळीच्या पाटीवर 'कुल्फी' आणि 'कल्फी' लांबून सारखंच दिसतं.

म्हणून मराठी मजकुरासाठी एका ओळीला निदान ३२ ठिपक्यांची उंची धरा. पी १० असेल तर एकावर एक दोन मॉड्यूल, पी ५ असेल तर एकात काम होतं.

दुसरा घोळ सॉफ्टवेअरचा. स्वस्त कंट्रोलरच्या मोबाइल ॲपमध्ये मराठी टाइप केलं की जोडाक्षर तुटतं. 'श्री'चा 'श्' आणि 'री' वेगळे होतात, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. यावर साधा उपाय आहे. मजकूर मोबाइलवर डिझाइनच्या ॲपमध्ये चित्र म्हणून तयार करा, तुमच्या स्क्रीनच्या ठिपक्यांच्या मापात, आणि तो फोटो किंवा व्हिडिओ स्क्रीनवर चढवा. पण आपला कंट्रोलर फोटो-व्हिडिओ घेतो का, हे आधी विचारायला हवं. साध्या एकरंगी पाट्यांचे काही कंट्रोलर व्हिडिओ चालवत नाहीत.

डेमोला जाताना तुमच्या दुकानाचे पाच अवघड शब्द लिहून न्या. श्रीखंड, कुल्फी, बाकरवडी, तूप, दर्जेदार. "हे दाखवा" म्हणा आणि जेवढं अंतर तुम्ही मोजलं होतं तेवढं मागे जाऊन वाचा. नुसतं मन राखायला मान डोलवू नका.

आणि मराठी ही आवडीनिवडीची बाब नाही. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही देवनागरीत मराठी नावाची पाटी सक्तीची झाली आहे, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान असून चालत नाहीत. नावाच्या पाटीचं काम स्क्रीनवर ढकलणार असाल तर हे लक्षात ठेवा. माझं मत विचाराल तर नावाची पाटी रंगवलेली किंवा ॲक्रिलिकची कायमची ठेवा. वीज गेली तरी दुकानाचं नाव दिसलं पाहिजे.

ऊन, पाऊस, वीज

बाहेरच्या स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात. दुकानाच्या आत हजारच्या आत भागतं, पण थेट उन्हात साडेचार-पाच हजार निट्स तरी हवेत. आतली स्क्रीन बाहेर लावून दिली की दुपारी बारा वाजता ती काळी पाटी दिसते. उलट रात्री तोच उजेड डोळ्यांत घुसतो. तेव्हा रात्री आपोआप उजेड कमी करणारा सेन्सर किंवा टाइमर मागा, नाहीतर समोरच्या बिल्डिंगवाले तुमच्या दारात येतील.

पाण्यासाठी आयपी नंबर बघतात. पुढची बाजू आयपी ६५ असावी. मागची बाजू लोक विसरतात, आणि पाणी तिथूनच आत शिरतं. मागून पत्र्याची पेटी बंद आहे का, वायरी खालून आत जातात का, वर पागोळी पडते का, हे स्वतः बघा. कोकणात किंवा समुद्राजवळ दुकान असेल तर खारी हवा आतल्या तांब्याच्या बारीक तारा खाते. तिथे सोन्याच्या तारेचे एलईडी मिळतात का ते विचारा. महाग पडतात, पण टिकतात.

आता काकांच्या स्क्रीनचं खरं दुखणं. इलेक्ट्रिशियनने पेटी उघडली तेव्हा दिसलं की एका एसएमपीएसवर, म्हणजे पॉवर सप्लायवर, आठ-आठ मॉड्यूल टाकले होते. हिशोब बघा. पूर्ण पांढरं चित्र असताना एक मॉड्यूल साधारण ३५ वॉट घेतो. नेहमीचा एसएमपीएस ५ व्होल्ट ४० अँपिअरचा, म्हणजे २०० वॉटचा. आठ मॉड्यूल म्हणजे २८० वॉट! दोनशे किलोच्या लिफ्टमध्ये पावणेतीनशे किलो. थंडीत चाललं, उन्हाळ्यात तापलं, पावसाच्या ओलीने उरलेलं काम केलं. एकावर चार मॉड्यूल ठेवले की १४० वॉट होतात आणि एसएमपीएसला श्वास घ्यायला जागा राहते. ६४ मॉड्यूलला सोळा एसएमपीएस. स्वस्त कोटेशन आणि महाग कोटेशन यातला फरक बऱ्याचदा असाच पेटीच्या आत लपलेला असतो.

विजेच्या बिलाचाही अंदाज करू. ६४ मॉड्यूल गुणिले ३५ वॉट म्हणजे जास्तीत जास्त सव्वादोन किलोवॉट. साधा व्हिडिओ चालताना सरासरी त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं धरा, पाऊण किलोवॉट. बारा तास चालली तर दिवसाला नऊ युनिट, महिन्याला पावणेतीनशेच्या आसपास. तुमच्या बिलावर युनिटचा दर बघा आणि गुणाकार करा. समजा बारा रुपये पडत असतील तर महिना तीन हजार तीनशे. शिवाय मंजूर भार पुरतो का ते बघा. फ्रीज, एसी आणि वर ही स्क्रीन असं झालं की भार वाढवून घ्यावा लागू शकतो. अर्थिंग नीट नसेल तर स्क्रीन आणूच नका. विजेच्या झटक्याने गेलेला माल वॉरंटीत बहुधा कोणी भरून देत नाही.

रिफ्रेश रेटबद्दल थोडक्यात. गिऱ्हाईक दुकानात रील काढतात आणि स्क्रीनवर काळ्या पट्ट्या सरकताना दिसतात ना, ते कमी रिफ्रेश रेटमुळे. १९२० हर्ट्झ आणि ३८४० हर्ट्झ असे दोन प्रकार जास्त दिसतात. डेमोच्या वेळी स्वतःच्या मोबाइलने व्हिडिओ काढा, लगेच कळतं.

आता माणूस निवडू

आपल्याकडे बहुतेक स्क्रीनवाले मॉड्यूल आणि कंट्रोलर चीनमधून आलेले घेतात आणि इथे पेटी, वायरिंग, जोडणी करतात. यात वाईट काही नाही. पण मग तुम्ही त्याच्याकडून नेमकं काय विकत घेताय? जोडणी आणि पुढची सेवा. माल दहा ठिकाणी तोच मिळतो. म्हणून 'कुठला ब्रँड' याआधी 'हा माणूस दोन वर्षांनी फोन उचलेल का' हे बघायचं.

कसं बघायचं? त्याने लावलेल्या तीन स्क्रीनचे पत्ते मागा, त्यातली एक तरी दोन पावसाळे झालेली हवी. नव्या स्क्रीन सगळ्याच सुंदर दिसतात. त्या दुकानात जा, काहीतरी विकत घ्या आणि मालकाला विचारा, "दादा, बिघडली होती का? किती दिवसांत आला?" कधीच बिघडली नाही असं उत्तर आलं तर मला थोडी शंका येते. 'बिघडली, पण चौथ्या दिवशी येऊन मॉड्यूल बदलून गेला' हे उत्तर सोन्यासारखं.

मग जीएसटी नंबर घ्या आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर' मध्ये टाका. लॉगिन लागत नाही. नंबर पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने आणि गोव्यातला ३० ने सुरू होतो. नोंदणी कधीची, चालू आहे की रद्द, आणि रिटर्न भरतो का, हे सगळं दिसतं. 'बारा वर्षांचा अनुभव' म्हणणाऱ्याची नोंदणी आठ महिन्यांपूर्वीची निघाली तर शांतपणे कारण विचारा. कधी खरं कारण असतं, भागीदारी मोडलेली असते. कधी नसतं.

"बिल नको, टॅक्स वाचवतो" हा प्रस्ताव आला तर नाही म्हणा. तुम्ही नेहमीच्या जीएसटीत असाल तर भरलेला कर इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळू शकतो, फक्त त्याने त्याचं रिटर्न भरून बिल तुमच्या २बी मध्ये दिसायला हवं. कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट मिळत नाही, हे खरं. तरीही बिल घ्याच, कारण बिलाशिवाय वॉरंटी म्हणजे नुसता शब्द.

आणि कोर्टाचंही ऐका. "ग्राहक मंचात जाईन" असं आपण सहज म्हणतो. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने वस्तू घेणारा 'ग्राहक' धरला जात नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतली असेल तर अपवाद आहे, पण तुम्ही त्यात बसता हे तुम्हालाच दाखवावं लागतं. तुमचं पहिलं संरक्षण तुमचं कोटेशन आणि पैसे देण्याची पद्धत हेच आहे.

म्हणून कोटेशनवर हे सगळं लिहून घ्या: पिच, मॉड्यूलची संख्या, एकूण ठिपके, निट्स, रिफ्रेश रेट, पुढचा-मागचा आयपी नंबर, एसएमपीएसचा ब्रँड आणि संख्या, कंट्रोलरचं नाव आणि मॉडेल. कंट्रोलरमध्ये नोव्हास्टार, कलरलाइट, हुइडू ही नावं ऐकायला मिळतील. नाव माहितीतलं असलं की उद्या दुसरा कारागीरही ते चालवू शकतो, हा मोठा फायदा. मॉड्यूल समोरून काढता येतात की मागून, हेही लिहा. स्क्रीन भिंतीला चिकटून असेल आणि मागूनच उघडत असेल तर एक मॉड्यूल बदलायला पूर्ण स्क्रीन उतरवावी लागते.

वॉरंटीत नुसतं 'दोन वर्षं' पुरत नाही. तक्रारीनंतर किती दिवसांत येणार, येण्याजाण्याचा आणि शिडी-परातीचा खर्च कोणाचा, मॉड्यूल, एसएमपीएस, कंट्रोलर तिन्ही धरले आहेत का, हे स्पष्ट हवं. आणि ज्या लॉटचे मॉड्यूल लावले त्याच लॉटचे तीन-चार जादा मॉड्यूल पहिल्या दिवशीच घेऊन कपाटात ठेवा. वर्षभराने दुसऱ्या लॉटचा मॉड्यूल आणला की त्याचा पांढरा वेगळा दिसतो, धोतराला ठिगळ लावल्यासारखा.

पैसे एकदम देऊ नका. निम्मे आगाऊ, चाळीस टक्के स्क्रीन बसून चालू झाल्यावर, आणि दहा टक्के पंधरा दिवसांनी, रोज बारा तास चालवून बघितल्यावर. चांगला स्क्रीनवाला थोडी कुरकुर करेल, पण मान्य करतो. सगळेच आधी हवेत म्हणणाऱ्याला नमस्कार.

लावण्याआधी

परवानगीसाठी महापालिका किंवा नगरपालिकेच्या परवाना विभागात आधी जाऊन या, स्क्रीन आणल्यावर नाही. जागा भाड्याची असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. लोखंडी सांगाडा ओळखीच्या वेल्डरकडून करून घेतलात तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळात होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. ते साधारण १२० बाय १२० फुटांचं धूड होतं, तुमची स्क्रीन त्यापुढे चिमुकली. पण तिच्याखाली तुमचंच गिऱ्हाईक उभं असणार.

पावसाळ्यात स्क्रीन बंद करून ठेवायची नसते, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. बंद स्क्रीन ओल धरते. रोज निदान दोन तास चालवा. बरेच दिवस बंद असेल तर आधी अगदी कमी उजेडावर ठेवा, आतली ओल निघू द्या, मग वाढवा.

काकांचं पुढे काय झालं ते सांगतो. जुना सांगाडा कामाला आला. बाकी सगळं भंगारात. या वेळी त्यांनी आठ बाय चारचा हट्ट सोडला आणि साधारण सहा बाय तीन फुटांची पी ५ घेतली. छत्तीस मॉड्यूल, नऊ एसएमपीएस, समोरून उघडणारी. डेमोला जाताना काकू बरोबर गेल्या आणि पंचवीस फुटांवरून मोठ्याने 'श्रीखंड' वाचून दाखवल्यावरच काकांनी आगाऊ रक्कम दिली. शेवटचे दहा टक्के सोळाव्या दिवशी दिले, कारण चौदाव्या दिवशी एक मॉड्यूल गेला होता आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी येऊन बदलून गेला.

तुमच्याकडे कोटेशन आलं असेल तर वरच्या यादीतलं काय त्यात नाही, ते आधी स्वतः शोधा. मग अडलं तर मला विचारा.